विमान-प्रतिकृती, युद्धक्रीडेतील
मेजावर भूप्रदेशाचा देखावा मांडून ठराविक नियमांनुसार खेळल्या जाणाऱ्या युद्धक्रीडेत लढाऊ विमानाचे स्थान, दिशा व उंची दर्शविणारी प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती. संग्रहातील प्रतिकृती जवळून न्याहाळली जाते. ही मात्र वारंवार हाताळली जाते व हातभर अंतरावरून पाहिली जाते. त्यामुळे सूक्ष्म तपशिलापेक्षा मजबुती व चटकन पटणारी ओळख हे तिचे प्रमुख गुण होत.

ओळखीचे हे महत्त्व प्रत्यक्ष युद्धातूनच आलेले आहे. ६ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच पक्षाची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांत एक वैमानिक मृत्युमुखी पडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व अमेरिकेत विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी १:७२ प्रमाणातील प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आल्या. पुढे खेळण्यांच्या संचांतही हेच प्रमाण रूढ झाले. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीचा स्पिटफायरचा पहिला संच १९५३ मध्ये निघाला.

प्रमाण : स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११·२३ मी. असून तो १:७२ प्रमाणात सु. १५·६ सेंमी., १:१४४ मध्ये ७·८ सेंमी. व १:३०० मध्ये ३·७ सेंमी. भरतो. ताशी ५७० किमी. वेगाचे विमान १:७२ प्रमाणात एका सेकंदात सु. २·२ मी., म्हणजे बहुधा संपूर्ण मेजच, ओलांडील. म्हणून खेळातील अंतरासाठी निराळे व पुष्कळच लहान प्रमाण योजतात आणि विमानाचे नेमके स्थान त्याच्या बैठकीच्या मध्यबिंदूवरून ठरवितात.

जुळणी : संचातील भाग बहुधा पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे असतात. ते धारदार चाकूने चौकटीपासून सोडवून कडा काचकागदाने घासतात. द्रवरूप चिकटद्रव्य प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवीत असल्याने सांधा एकजीव होतो. हे काम खेळती हवा असलेल्या जागी करावे. चाके मिटलेली दाखवितात. हात लागून मोडणारे बारीक भाग वगळतात किंवा तारेचे करतात. फिरत्या पंख्याऐवजी पारदर्शक चकती बसविता येते. विमान पारदर्शक दांड्यावर उभारून बैठकीला धातूच्या चकतीने वजन देतात. दांड्याच्या टोकाशी लहान चुंबक बसविल्यास धक्का लागताच विमान मोडण्याऐवजी सुटे होते.

रंगकाम : साबणाच्या पाण्याने धुवून वाळविलेल्या प्रतिकृतीवर प्रथम अस्तराचा व नंतर मुख्य रंगाचे पातळ थर देतात. लहान वस्तूवर मूळ छटा अधिक गडद भासते. म्हणून रंगात थोडा फिकट रंग मिसळतात. खाचांत पातळ काळसर रंग सोडून कडा उजळल्या म्हणजे आकार दुरूनही उठून दिसतो. पाण्यात भिजवून चिकटविण्याच्या छापील चिन्हांखाली हवा अडकू नये, म्हणून आधी चकचकीत व्हार्निश लावतात. अखेरीस निस्तेज व्हार्निशचा संरक्षक थर देतात.

रंगयोजना निवडताना वर्ष व आघाडी पाहावी लागते. १९४० च्या उन्हाळ्यातील स्पिटफायरच्या वरच्या बाजूस गडद हिरवा व मातकट तपकिरी रंग असे. शेपटीपुढील फिकट पट्टा नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आला. तो उन्हाळ्यातील लढाईच्या प्रतिकृतीवर दाखविणे चूक होय. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय हवाई दलांच्या विमानांवरील वर्तुळचिन्हातून तांबडा मध्यभाग काढून टाकण्यात आला. कारण जपानी विमानांवरील तांबड्या वर्तुळाशी त्याची गल्लत होऊन स्वकीयांकडूनच गोळीबार होण्याचा धोका होता. अशी चिन्हे प्रतिकृतीवर केवळ शोभेसाठी नसतात. आपले व परके ओळखण्याची वैमानिकाची अडचण त्यांमुळे खेळणाऱ्याच्या लक्षात येते.