पणजीत फिरा, पण खिसा सांभाळा!

ग्रुपचं गोवा ठरलंय ना? मग नागपूरकरांनो, पणजीत मांडवीवरची कॅसिनोची जहाजं खुणावणारच. वय २१ पूर्ण नसेल तर आत एंट्रीच नाही. असेल, तर आधी गणित बघा. एका शून्याच्या रूलेट चाकावर ३७ घरं असतात. तुम्ही एका नंबरवर पैसे लावले, तर हरवणारी घरं ३६. जिंकलात तर नफा मात्र ३५ पटच! खेळ लांबला की फायदा कॅसिनोचाच.

म्हणून खर्चाचा आकडा आधीच ठरवा. बाकी वेळात फोंताइन्हासच्या रंगीत गल्ल्या पायी भटका. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर जा. तिथल्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीतले पक्षी बघा. संध्याकाळी जहाजांचे दिवे काठावरूनच बघा. त्याला तिकीट नाही, भाऊ!