नावांची नोंदवही : डिस्कवर फोल्डर कसे साठवले जाते?

संगणकाच्या पडद्यावर फोल्डर पिशवीसारखे दिसते आणि फाइली तिच्यात भरून ठेवल्या आहेत असे वाटते. डिस्कवर मात्र फोल्डर, म्हणजेच डिरेक्टरी, ही स्वतःच एक लहानशी फाइल असते आणि तिच्यात इतर फाइलींचा मजकूर नसून केवळ त्यांची नावे व क्रमांक नोंदलेले असतात. गावच्या महसुली दप्तरात नमुना ८-अ वर खातेदाराच्या नावापुढे गट क्रमांक सापडतो आणि त्या गटाचे हक्क व पिके पाहण्यासाठी सात-बारा उघडावा लागतो, तशीच ही रचना आहे. लिनक्स प्रणालीत सात-बाराचे हे काम ‘आयनोड’ करतो. फाइलीचा आकार, मालक, तारखा आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याचा पत्ता त्यात असतो. फाइलीचे नाव मात्र नसते.

१९९३ साली लिनक्ससाठी आलेल्या ‘ईएक्सटी-२’ या फाइल प्रणालीत ही नोंद कशी लिहिली जाते, हे जालना जिल्ह्यातील ८ तालुक्यांच्या नावांवरून नेमके पाहता येते. प्रत्येक नोंदीत ४ बाइट आयनोड क्रमांकासाठी, २ बाइट नोंदीच्या लांबीसाठी, १ नावाच्या लांबीसाठी आणि १ फाइलीच्या प्रकारासाठी, असे ८ बाइट आधी खर्च होतात व त्यानंतर नाव येते. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हे मानली जातात. त्यामुळे ‘जालना’ या नावाला १५ बाइट लागतात, आधीचे ८ मिळून २३ होतात आणि लांबी ४ च्या पटीत ठेवण्याचा नियम असल्याने नोंद २४ बाइटांची होते. ‘मंठा’ २० बाइटांत मावतो, तर ‘घनसावंगी’ ३२ बाइट घेते. आठही तालुक्यांच्या नोंदी २१२ बाइटांच्या होतात. स्वतः डिरेक्टरी आणि तिची वरची डिरेक्टरी दर्शवणाऱ्या दोन नोंदी धरल्या, तरी ४०९६ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरील जागेच्या एका ठरावीक तुकड्यात, ३८६० बाइट मोकळे राहतात.

१९७० च्या दशकातील युनिक्समध्ये नोंद सरसकट १६ बाइटांची होती आणि नावाला १४ बाइट मिळत. आजच्या देवनागरीला त्या चौकटीत बसवले असते, तर आठ तालुक्यांपैकी केवळ अंबड आणि मंठा ही दोनच नावे मावली असती. ईएक्सटी-२ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. देवनागरीच्या हिशेबाने ती ८५ चिन्हांची होते.

फाइल पुसल्यावर काय घडते, हेही या मांडणीतून उलगडते. वरील डिरेक्टरीत घनसावंगीनंतर परतूरची नोंद असेल आणि परतूरची फाइल पुसली, तर घनसावंगीच्या नोंदीची लांबी ३२ वरून ५६ केली जाते. परिणामी वाचणारी प्रणाली परतूर ओलांडून पुढच्या नोंदीवर जाते, पण त्या नावाचे बाइट नवी नोंद त्यांच्यावर लिहिली जाईपर्यंत जागेवरच राहतात. एकाच आयनोडला दोन नावे दिलेली असतील, तर एक नाव पुसूनही फाइल कायम राहते; शेवटचे नाव गेल्यानंतरच तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते.

मराठीसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. तथापि दुसऱ्या प्रकारात ३ बाइट अधिक असतात आणि लिनक्सची फाइल प्रणाली सहसा बाइटच ताडून पाहत असल्याने तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे ठरतात. एकाच डिरेक्टरीत ती शेजारी शेजारी नांदू शकतात आणि एका प्रकारे घेतलेल्या शोधात दुसरी फाइल निसटू शकते. म्हणून फाइलींना मराठी नावे निःशंकपणे द्यावीत, मात्र प्रत्येक कार्यालयाने व संस्थेने टंकनाची एकच पद्धत ठरवून ती कटाक्षाने पाळावी. कारण नोंदवहीत नाव ज्या बाइटांनी लिहिले गेले, त्याच बाइटांनी ते पुन्हा सापडते.