लोकल फाईलमध्ये का मावत नाही?

जुईनगरच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे. तिथे हार्बर आणि ट्रान्सहार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात. त्यांच्या वेळापत्रकासाठी त्याने पायथॉनमध्ये ‘लोकल’ नावाचा क्लास लिहिला, पण जेसन फाईलमध्ये साठवायला गेला की पायथॉन अडून बसतो. का?

कारण जेसनला ठाऊक असलेले प्रकार मोजकेच: मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिकामे, यादी आणि नाव-मूल्याच्या जोड्या. साधी तारीखही त्यात नाही! पण ही गरिबीच त्याचे बळ. जवळपास कोणतीही संगणकभाषा जेसन वाचते ती याचमुळे.

मग लोकल पाठवायची कशी? घर बदलताना पलंग सुटा करून नेतात, तशी. पायथॉनच्या जेसन लायब्ररीत ‘डिफॉल्ट’ म्हणून आपले फंक्शन देता येते. अनोळखी वस्तू आली की लायब्ररी ती त्याच्या हाती सोपवते. आपण तिचे साधे तुकडे करायचे आणि सोबत ‘प्रकार: लोकल’ अशी चिठ्ठी लावायची.

बहुतेक जण इथेच थांबतात. एरर गेली, फाईल झाली, सगळे खूश! पण वाचताना ती चिठ्ठी पाहून पुन्हा लोकल जोडणारे फंक्शनही द्यावे लागते. ते नसेल तर वेळ मजकूर म्हणूनच परत येते, आणि मजकुराच्या क्रमवारीत १०:१२ ची गाडी ९:०५ च्या आधी सुटते, कारण १ हा ९ च्या आधी येतो. (जाता जाता: फाईल उघडून ‘जुईनगर’ शोधू नका. ही लायब्ररी मुळात देवनागरी चिन्हे इंग्रजी सांकेतिक रूपात लिहिते. प्रत्येक चिन्हाला सहा अक्षरे, म्हणजे जुईनगरला ३६!)

‘पायथॉनचेच पिकल वापर, सगळे मावते,’ असा सल्ला मित्र देतीलच. बहुतेक मावते खरे, पण परक्याची पिकल फाईल वाचताना तिच्यात दडवलेला कोडही चालू शकतो. पायथॉनचे दस्तऐवजच तसे बजावतात.

माझा जीव मात्र सीबॉर या जेसनसारख्याच, पण बायनरी स्वरूपावर. त्याच जातीच्या, सादायुकी फुरुहाशी यांच्या मेसेजपॅकने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या प्रकारांसाठी ० ते १२७ क्रमांक मोकळे ठेवले आहेत. पण तुमचा ५ क्रमांक म्हणजे लोकल, हे समोरच्याला कोण सांगणार? कार्स्टन बोरमन आणि पॉल हॉफमन यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या सीबॉरमध्ये अशा क्रमांकांची सार्वजनिक नोंदवहीच आहे. तारखेला ० आणि १ हे मानाचे क्रमांक. जेसनच्या गाजावाजात बोरमन यांचे नाव क्वचितच ऐकू येते. पण युरोपातल्या कोट्यवधी लोकांनी मोबाइलवर दाखवलेल्या कोविड प्रमाणपत्राच्या क्यूआर कोडमध्ये मजकूर भरलेला होता तो सीबॉरमध्येच.