नकाशाला भरती कळत नाही

माझा भाचा नॉर्थ कॅरोलिनात, रॉलीला असतो. दिवाळीला बेटेगावी आला आणि दुसऱ्याच दिवशी पडवीत बसून मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "मामा, बोर्डी, जव्हार, पालघर आणि परत घर. अडीचशे किलोमीटरच्या आत बसतंय. एका दिवसात उरकू."

त्याला नकाशा वाचता येत नाही असं नाही. त्याचं राज्य पूर्वेला अटलांटिकच्या वाळूच्या बेटांपासून पश्चिमेला ब्लू रिज डोंगरांपर्यंत पसरलेलं. या टोकाचं मॅन्टिओ ते त्या टोकाचं मर्फी हा रस्ता आठशे किलोमीटरहून जास्त. शरद ऋतूत तिथे पानांचे रंग बघायला गाड्या काढतात. रंग आधी उंचावर चढतो आणि मग आठवड्या-आठवड्याने खाली उतरतो, म्हणून माणसं आधी आठवडा ठरवतात आणि मग उंची. हे त्यानेच मला कधीतरी फोनवर समजावलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने डोंगरातले रस्ते वाहून नेले तेव्हा त्याची आखलेली सहल रद्द झाली होती. असा हा मुलगा स्वतःच्या जिल्ह्यात आला की एकदम किलोमीटर मोजायला लागतो. घरचं ते सोपं, असं सगळ्यांनाच वाटतं.

आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. तालुके आठ. डहाणूच्या किनाऱ्यापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत सरळ रेघ ओढली तर शंभर किलोमीटरही भरत नाहीत. पण तेवढ्यात खाडी, वाडी, कारखाने, पहिली डोंगररांग, हायवे आणि मग जव्हारचं पठार अशा पट्ट्या एकामागे एक उभ्या लावल्यासारख्या आहेत. प्रत्येक पट्टीचं घड्याळ वेगळं. सहल आखायची म्हणजे ही घड्याळं जुळवायची, बाकी गाडी कोणीही हाकतो.

पहिलं घड्याळ समुद्राचं. बोर्डी-डहाणूचा किनारा उताराला इतका सपाट की ओहोटीला पाणी दूर रेघेसारखं दिसतं आणि भरतीला थेट सुरूच्या झाडांशी येतं. चुकीच्या वेळी गेलं तर किनारा बघायला मिळतच नाही. वेळ काढायचं गणित किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्याच्या पुढेमागे सहा तासांनी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण सहलीपुरतं पुरतं. हे गणित मी शिकलो ते उशिरा. एका वर्षी हौसेने गाडी वाळूत उतरवली, चहा प्यायला गेलो, आलो तर मागची चाकं पाण्यात. ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले आणि वर विचारलं, "आज तिथी काय, माहीत आहे का?"

आम्ही तृतीयेला निघणार होतो. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. "सहाला निघायचं," मी म्हटलं. भाच्याचं तोंड उतरलं.

सहाला निघण्यात आणखी एक फायदा. बेटेगाव हे बोईसर-चिल्हार रस्त्यावरचं गाव. तारापूर औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि कंटेनर याच रस्त्याने हायवेला लागतात, त्यात बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाचं कामही याच बाजूला. पहिल्या पाळीच्या बसगाड्या, रिक्षा, मोटारसायकली रस्त्यावर आल्या की बोईसर नाक्यापर्यंतचा वेळ कोणताच नकाशा बरोबर सांगत नाही. भाच्याकडच्या ब्लू रिज पार्कवेवर मालवाहू गाड्यांना बंदीच आहे. इथे मालवाहू गाडी हाच रस्ता असण्याचं कारण आहे, तेव्हा तिला वाट देऊन आपण लवकर उठावं हे बरं.

तारापुरात थांबायचं ते किल्ल्यासाठी. अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, पण ते लांबूनच बघायचं. किल्ला पोर्तुगीजांचा. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसई पडायला मे उजाडला, पण वसईकडे जाणारी वाट या बाजूने मोकळी झाली होती. पुढे चिंचणी, मग वरोर, वाढवण. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. ही बाजू आज जशी आहे तशी बघायची असेल तर फार वर्षं थांबू नये. डहाणू तालुका 1991 मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. वाडीत बसून त्या दोन तारखांवर गावकरी काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

घोलवडला चिकूच्या वाडीत भाच्याने पिकलेलं फळ मागितलं आणि वाडीवाले हसले. झाडावर पिकायला चिकू ठेवत नाहीत. काढणारा लांब बांबूच्या टोकाची जाळी फळाखाली धरतो, देठाला हिसका देतो, मग नखाने सालीवर बारीक ओरखडा काढतो. ओरखडा हिरवा दिसला तर फळ कोवळं, पिवळसर दिसला तर तयार. तयार फळही दगडासारखं कडक असतं, पिकतं ते घरी नेल्यावर. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. भाच्याने एक पेटी घेतली आणि तिसऱ्या दिवशी बरोबर जव्हारला उघडली. हे मात्र त्याने स्वतःहून आखलं होतं.

मुक्काम बोर्डीला. दुसऱ्या दिवशी डहाणूहून कासाचा रस्ता. वाटेत गंजाड लागतं. जिव्या सोमा म्हसे याच गंजाडचे. वारली चित्रं मूळची लग्नाच्या चौकाची, ती सुवासिनींनी काढायची. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हातात बांबूची चेचलेली काडी. म्हसे यांनी ती कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. आता हीच चित्रं हॉटेलच्या भिंतींवर, पुलांच्या खांबांवर, चाव्यांच्या कड्यांवर सगळीकडे आहेत. खरं सांगायचं तर त्यातली बरीच नुसती नक्षी असते. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं जिथे खरोखर फिरतं, तिथे एकदा उभं राहावं आणि मग चित्र बघावं. तारप्याचे दिवस भात तयार होण्यापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे आम्हाला पोचायला किंचित उशीर झाला होता.

चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मी. चैत्र पौर्णिमेपासून तिथे यात्रा भरते. त्या दिवसांत यात्रेलाच जायचं असेल तर जावं, नाहीतर हा टापू टाळावा.

कासा सोडलं की तलवाड्याकडून रस्ता चढायला लागतो. हाच तो वारल्यांच्या उठावाचा मुलूख. वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये लढा उभा राहिला, 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड गेला. या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं पुस्तक 'जेव्हा माणूस जागा होतो' भाच्याच्या आईकडे, माझ्या बहिणीकडे, आहे. त्याने ते वाचलं नव्हतं. गाडीत सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होता.

जव्हारचं घड्याळ धुक्याचं. पावसाळ्यात दुपारी चारनंतर घाटात पुढची गाडी दिसत नाही, एप्रिलमध्ये दाभोसा धबधब्याची धार बारीक झालेली असते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी असतं आणि वाटही दिसते. शिरपामाळावर संध्याकाळी पोचलो. सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांची आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांची भेट इथे झाली असं सांगतात. मुकण्यांचा जयविलास राजवाडा सकाळसाठी ठेवला. रात्री जेवायला नागलीच्या भाकरीबरोबर काय सांगावं, यावर मामा-भाच्यात मतभेद झाला. डाळ जिंकली.

तिसऱ्या दिवशी विक्रमगड, मनोर आणि पालघरच्या वाटेवर वाघोबा खिंड. वाघबारशीला वाघोबाला नारळ फोडणाऱ्यांच्या खुणा अजून देवळाजवळ दिसत होत्या. पालघरात पाचबत्तीला हुतात्मा स्तंभाशी पाच मिनिटं: 14 ऑगस्ट 1942 चे पाच हुतात्मे. आणि मग सातपाटी.

सातपाटीला नाकाआधी डोळ्यांनी जावं. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून बांबूवर दोन बाजूंना टाकलेले. दोरी नाही, खिळा नाही. बाई बोलता बोलता हे करते, बोटांकडे बघतही नाही. भाच्याने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बोंबील वाळूत. "राहू दे बाबा, धुवायला लागतात," ती म्हणाली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा इथे आलात तर नुसते बांबू दिसतील.

रॉलीला परतल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. तिकडच्या किनाऱ्यावर जाताना त्याने तिथी काढली होती, पाऊणपट केली होती आणि बरोबर ओहोटीला पोचायचं म्हणून पहाटे निघाला होता. पोचला तेव्हा पाणी भरलेलं.

"मामा, गणित चुकलं."

"ते आपल्या किनाऱ्याचं आहे रे," मी म्हटलं. "तिथल्या म्हाताऱ्यांना विचार."