उंची दुकानांतील किंमत

चीज, खारविलेलें मांस व तयार खाद्यपदार्थ विकणारें 'पेक' हें दुकान इटलींतील मिलान शहरीं १८८३ सालीं निघालें. अशा दुकानांतील भाव ऐकून नवखीं गिऱ्हाइकें दचकतात. परंतु तो सर्वच भाव थाटाचा नसतो.

पार्मिजानो चीजचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या सुमारें ४० किलोंच्या एका ढेपेस जवळजवळ ५५० लिटर दूध लागतें. म्हणजे किलोमागें सुमारें १४ लिटर! शिवाय ती ढेप निदान १२ महिने मुरवावी लागते. हें मोल दुधाचें, श्रमांचें व धीराचें होय.

उलट, तेथेंच साधें मीठ वा साखर घेतल्यास जादा दाम पडतो तो केवळ थाटाचा. म्हणून विद्यार्थिमित्रहो, किंमत कशाची, हें आधीं विचारावें व मगच कनवटीची गांठ सोडावी, असें आम्हांस वाटतें.