न्यायाचा निरोप आणि सांगणाऱ्याचे डोळे

ख्रिस्ती उपदेशात देवाच्या न्यायाचा विषय निघाला की ऐकणाऱ्याला धमकी ऐकू येते. बायबलमध्ये मात्र हा निरोप आणणारा अनेकदा स्वतःच रडत असतो. लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेम दृष्टीस पडताच येशूला रडू येतं. शहराला वेढा पडेल, दगडावर दगड राहणार नाही, हे तो त्याच भरात सांगतो. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने शहर घेतलं, मंदिर जळून गेलं. जैतुनाच्या डोंगरावर येशूच्या त्या रडण्याच्या स्मरणार्थ वास्तुविशारद अंतोनियो बार्लुझ्झी यांनी बांधलेलं छोटं चर्च आहे, आकार अश्रूच्या थेंबाचा.

येशूच्या सहा शतकं आधीचा संदेष्टा यिर्मया तर रडण्यासाठीच ओळखला जातो. बाबिलोनची फौज येणार, अजूनही वेळ आहे, वळा, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. यहूदाचा राजा यहोयाकीमने त्याच्या वचनांची गुंडाळी कापून शेगडीत टाकली. पुढे सरदारांनी त्याला चिखलाच्या हौदात उतरवलं. त्याला निव्वळ कनवाळू ठरवणंही बरोबर नाही. छळणाऱ्यांना शिक्षा व्हावी, अशी मागणीही तो देवाकडे करतो. राग आणि कळवळा एकाच माणसात नांदतात, आणि मला तर यामुळेच तो खरा वाटतो.

प्रेषित पौल त्याहून पुढे जातो. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की आपल्या यहुदी बांधवांचं तारण होणार असेल, तर स्वतः ख्रिस्तापासून तोडलं जाणंही आपण पत्करलं असतं.