थरथरती सही खोटीच असते का?

वारंगा फाट्याकडचे एक शेतकरी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. जाताना पिशवीतून मोडीतले खरेदीखत काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजोबांची सही थरथरलीय. गावात म्हणतात, कागद बनावट हाय."

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने 2023 मध्ये मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून जुन्या मोडी-उर्दू कागदांना मोल आले आहे. मोल आले की नक्कलही येते.

हस्ताक्षरतज्ज्ञ मी नव्हे, पण थरथर रोज पाहतो. कंपवातात अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाते. म्हातारपणीच्या थरथरीत रेघ नागमोडी होते, पण साधारण सगळीकडे, आणि हाताची जुनी वळणे सहसा सुटत नाहीत. नक्कल करणारा मात्र लिहीत नसतो, चित्र काढत असतो. त्याची रेघ जपून चालते, म्हणून जाडी एकसारखी. अवघड वळणावर ती थबकते, कुठे टाक उचललेला, कुठे वरून गिरवलेले. मोडी ही हात न उचलता, झरझर लिहायची लिपी; तिथे असे थबकणे चटकन नजरेत भरते.

ब्रिटिश म्युझियममधल्या एका प्रसिद्ध चिनी चित्रपटाचे असेच आहे. तो चौथ्या शतकातल्या कु खाय-चृ या चित्रकाराचा मानला जाई; आज बहुतेक अभ्यासक त्याला नंतरची नक्कल समजतात. त्या वादात चित्रांइतकाच शेजारच्या अक्षरांचाही विचार होतो.

प्रयोगशाळेचीही मदत होते. काजळाची शाई अवरक्त प्रकाशात काळीच राहते, रंगद्रव्याच्या अनेक शाया फिक्या पडतात किंवा दिसेनाशा होतात. अतिनील दिव्याखाली आजचा पांढराशुभ्र कागद बहुधा निळसर चमकतो. पण जुन्या वहीतले कोरे पान मिळवणे कठीण नाही. कागदाचे वय म्हणजे मजकुराचे वय नव्हे.

भिंगातून पाहिले, तर त्या सहीत थरथर सगळीकडे सारखी होती. गिरवलेले कुठे दिसले नाही. नुसत्या थरथरीवरून कागद खोटा ठरत नाही, एवढे मी सांगितले. पुढचे तज्ज्ञांनी ठरवायचे. अडचण वेगळीच होती. जपून राहावा म्हणून घरच्यांनी कागदाला लॅमिनेशन केले होते! गरम प्लास्टिकखाली शाई आणि कागदाचा पृष्ठभाग नीट तपासता येत नाही, आणि ते काढायला जावे तर कागदच फाटतो.

"आजोबांच्या त्याच काळातल्या आणखी सह्या आहेत?" मी विचारले. तुलनेला त्याच लागतात.

"ट्रंकेत हायेत दोन-तीन."

"त्यांना प्लास्टिक लावू नका."